डिस्कच्या पाठीवरचं आणि पोटातलं

डीव्हीडीच्या पाठीवर 'खास आकर्षण' म्हणून जे छापलेलं असतं, त्यावर पहिल्या वाचनात विश्वास ठेवू नये. 'इंटरॅक्टिव्ह मेनू' हे एक आकर्षण, 'सीन सिलेक्शन' हे दुसरं. खानावळीच्या फळ्यावर माशांच्या जोडीला ताट, वाटी आणि पाणीही लिहावं, तसा हा प्रकार. खरोखर जास्तीचं काय दिलंय ते कळायला डिस्क लावावी लागते. आणि एकाच सिनेमाच्या दोन-तीन आवृत्त्या हाताशी असतील, तर सगळ्या लावाव्या लागतात.

मालवणात मेढ्यावर एका घराच्या माळ्यावर अशा डिस्कांच्या गोणी आहेत. घरचे काका पूर्वी सीडी भाड्याने द्यायचे. दुकान कधीच उठलं, माल घरी आला. मी तिथे जातो तो एकाच चित्रपटाच्या निरनिराळ्या डिस्का शेजारी ठेवून, कुणात काय जास्त आहे आणि कुणातून काय गेलंय ते वहीत उतरवायला. काकी खालून चहा पाठवतात आणि सोबत प्रश्नही: "सिनेमा बघतंस की मिनिटां मोजतंस रे?" मिनिटं मोजल्याशिवाय सिनेमा कळत नाही, हे त्यांना अजून पटवता आलेलं नाही.

कामाची सुरुवात पुसण्यापासून. खारी, दमट हवा, त्यात चार महिने पाऊस. कव्हरच्या कागदाला बुरशी धरते आणि ती डिस्कवरही उतरते. साबणाचं पाणी, मऊ सुती फडकं, आणि पुसायचं मधून कडेकडे, सरळ. गोल गोल पुसलं की चरा माहितीच्या वळणाबरोबर लांबत जातो आणि यंत्राला तो सांधता येत नाही. आडवा चरा ते बऱ्यापैकी निभावून नेतं. व्हीसीडी मरते ती बहुधा वरून, नाव छापलेल्या बाजूने, कारण तिचा चकाकता थर तिथे नुसत्या लाखेखाली असतो. डीव्हीडीत तो दोन प्लास्टिकांच्या मधे दडलेला. काकांच्या गोणीत म्हणूनच डीव्हीड्या जास्त जगल्या आहेत.

व्हीसीडीवर जास्तीचं काही शोधणं जवळपास व्यर्थ. एका थाळीत जेमतेम ७४ ते ८० मिनिटं मावतात. हिंदी चित्रपटाला दोन, लांबलेल्याला तीन थाळ्या. सबटायटल वेगळी चालू-बंद करायची सोय नाही. जास्तीचं म्हणून मिळतं ते कंपनीच्या इतर मालाचं, चित्राच्या खालून सरकणाऱ्या जाहिरातींचं. २००७च्या सुमाराला मोझर बेअरने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना आणली, तेव्हा डिस्क गावोगावच्या बाजारात शिरली. त्या भावात पुरवणी कोण देणार? पाठोपाठ 'तीन सिनेमे एका डिस्कवर' आले. तिघांना ८.५ जीबीत कोंबायचं तर पहिल्यांदा पुरवणीच बाहेर. त्यामुळे नवी आवृत्ती जुनीपेक्षा भरलेली असेल असं धरून चालता येत नाही. वहीत उलटंच जास्त वेळा निघतं.

'लगान' हा त्यातला सुदैवी अपवाद. २००२ सालच्या डीव्हीडीवर मूळ चित्रपटातून काढलेला सुमारे पंधरा मिनिटांचा प्रसंग होता. पुढे तीन डिस्कांचा संच निघाला, त्यात सत्यजित भटकळांचा 'चले चलो' हा निर्मितीपट आला. या दोन पुरवण्यांची जात वेगळी आहे. पहिलीत दिग्दर्शक आशुतोष गोवारीकरांनी काय टाकून दिलं ते दिसतं, दुसरीत एवढा मोठा गोतावळा कच्छात कसा राबला ते. मला पहिली अधिक मोलाची वाटते. निर्मितीपटात सगळेच एकमेकांचं कौतुक करतात; कापलेल्या प्रसंगाला कौतुकाशी देणंघेणं नसतं.

पण सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो 'शोले'ने. १९७५ साली, आणीबाणीत, सेन्सॉरने शेवट बदलायला लावला: मूळ चित्रीकरणात ठाकूर गब्बरला मारतो, पडद्यावर पोलीस येऊन अडवतात. सचिन पिळगावकरांच्या अहमदचा गब्बरसमोरचा प्रसंगही गेला. चित्रपटगृहात दिसली ती गब्बरने चिरडलेली मुंगी आणि मग गावात परतलेलं प्रेत. पुढे मूळ शेवटाची, २०४ मिनिटांची प्रत घरगुती व्हिडिओवर आली. म्हणजे काम सोपं वाटतं: १९८ मिनिटं भरली तर कापलेली, २०४ भरली तर पूर्ण.

इथेच माणूस फसतो. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी धावतो, आपल्याकडची पॅल पद्धत २५ चौकटींची. पॅलवर उतरवताना बहुतेकदा सगळा चित्रपटच किंचित जोरात पळवतात. १९८ मिनिटांचे १९० होतात आणि २०४चे १९६. म्हणजे न कापलेली पॅल डिस्क, वेग न बदलणाऱ्या एनटीएससी पद्धतीच्या कापलेल्या डिस्कपेक्षा दोन मिनिटं आखूड भरते. भारतातल्या कंपन्यांनी दोन्ही पद्धतींच्या डिस्का काढल्या, तेव्हा नुसत्या मिनिटांवरून निवाडा करणारा हमखास उलटा निवाडा देतो. कान तयार असेल तर पॅलमध्ये आवाज थोडा चढलेला कळतो. लता मंगेशकरांच्या गाण्यात मला तो लगेच जाणवतो, संवादांत नाही.

म्हणून खुणा धरायच्या. आगगाडीची शिट्टी, एखाद्या गाण्याचा पहिला ठोका, बंदुकीचा पहिला बार: अशा हलू न शकणाऱ्या जागा दोन्ही डिस्कांवर गाठून त्यांच्या वेळा समोरासमोर लिहायच्या. फरक सारख्या प्रमाणात वाढत गेला तर तो वेगाचा. एका जागी एकदम उडी मारली तर तिथे कात्री लागलीय, किंवा काही जोडलंय. मग ती दोन मिनिटं पुन्हा पुन्हा पाहायची. मध्येच वीज गेली की प्लेअर सगळं विसरतो आणि मालवणात जुलैमध्ये वीज किती वेळा जाते ते सांगायला नको.

२०२५च्या जूनमध्ये इटलीत बोलोन्याच्या महोत्सवात 'शोले'ची दुरुस्त केलेली प्रत दाखवली गेली, ती मूळ शेवटासह आणि कापलेल्या दोन प्रसंगांसह. जे पूर्वी हौशी लोक जास्तीचं म्हणून शोधत फिरायचे, तोच आता चित्रपट झाला. पोलीस येतात तो शेवट आता पुरवणीत गेला म्हणायचा. वहीतला रकाना खोडून नव्याने आखावा लागला.

पडद्यामागचं दाखवण्याची हौस डीव्हीडीने आणली, असा एक समज आहे. दिग्दर्शकाच्या किंवा जाणकाराच्या बोलण्याचा वेगळा ध्वनिपट १९८४ साली अमेरिकेत क्रायटेरियनच्या 'किंग काँग'च्या लेसरडिस्कवर पहिल्यांदा आला, हे खरं. पण दादासाहेब फाळक्यांनी १९१७ सालीच 'चित्रपट कसे तयार करतात' हा छोटा पट काढून स्वतःच कॅमेऱ्यापुढे काम करून दाखवलं होतं. त्याचा तुकडा शिल्लक आहे. आजच्या कुठल्याही निर्मितीपटापेक्षा त्यात कमी बढाई आहे.

आणि आमच्या मुलखाचं 'वस्त्रहरण' घ्या. गंगाराम गवाणकरांचं हे नाटक १९८० साली मच्छिंद्र कांबळींनी रंगमंचावर आणलं, पाच हजारांवर प्रयोग झाले. त्यात गावकरी महाभारतातलं नाटक बसवतात: आधी तालीम, मग प्रयोग. पात्रं ठरवण्यातली भांडणं, सरपंच तात्यांची लुडबूड, पाठांतराचा बोजवारा. अख्खं नाटक म्हणजेच पडद्यामागची गोष्ट. त्याच्या डिस्कला वेगळा निर्मितीपट जोडला असता तर तो फिका पडला असता.

आता गोणीतल्या दशावताराच्या व्हीसीड्या. कव्हरवर देवाचा फोटो, मंडळाचं नाव, आख्यानाचं नाव. आकर्षणांची यादी नाही. देवळासमोर रात्री उभ्या राहणाऱ्या या खेळात आधी पूर्वरंग असतो: गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती, ब्रह्मदेव, मग वेद पळवणारा काळा संकासुर आणि त्याची टवाळी. त्यानंतर पहाटेपर्यंत आख्यान. डिस्क काढणाऱ्याला तीन थाळ्यांत रात्र बसवायची असते, तेव्हा कात्री पूर्वरंगावर चालते. माझ्या वहीत त्यामुळे पहिला प्रश्न हाच: संकासुर आहे की नाही? बऱ्याच डिस्कांत नाही.

पण खरी गंमत एकाच मंडळाच्या एकाच आख्यानाच्या दोन डिस्का लावल्यावर कळली. खुणेच्या जागांची पद्धत इथे कोसळते. पदं साधारण त्याच जागी येतात, युद्धनृत्य त्याच जागी. मधले संवाद मात्र पूर्णपणे निराळे. लिहिलेली संहिताच नसते. राजा एका डिस्कवर नारदाशी अर्ध्या तासावर वाद घालतो, दुसरीवर दहा मिनिटांत हार मानतो, बहुधा समोरचा नट त्या रात्री रंगात नव्हता. कापलेला प्रसंग कुठला आणि मूळ कुठला, हा प्रश्नच उरत नाही. सिनेमावाल्यांच्या भाषेत ज्याला पर्यायी टेक म्हणतात, तो इथे रोजचा व्यवहार.

एका डिस्कवर तर कॅमेरावाला सुरुवातीलाच रंगपटात घुसला आहे. पेटारे उघडलेले, नट स्वतःच्या हाताने तोंडाला रंग लावतायत, स्त्रीपार्टी नट विडी ओढत साडीच्या निऱ्या घालतोय, पायपेटीवाला सूर तपासतोय. चार मिनिटांचं हे चित्रण कव्हरवर कुठेही नोंदवलेलं नाही. काकांनाही ठाऊक नव्हतं, कारण गिऱ्हाईक ते पुढे पळवायचं.

ती डिस्क वरच्या बाजूने सोलायला लागली आहे. तेव्हा ठरलंय ते असं: हार्डडिस्कवर उतरवायला घेताना सिनेमे मागे ठेवायचे, त्यांच्या प्रती दुसरीकडे आहेत. आधी रंगपटाची थाळी, मग संकासुर असलेल्या सगळ्या, मग एकाच आख्यानाच्या जोड्या. काकांचं म्हणणं, 'शोले' तरी आधी घे. त्यांच्या डिस्कवरचा शेवट कुठला आहे, ते त्यांना अजून पाहायचंय.