वारकऱ्याच्या पायाचा चिखल

दिवाळी जवळ आली की सोलापुरातली मुलं अंगणात काळ्या मातीचा किल्ला रचतात, त्यावर हळीव पेरतात आणि तटावर मावळे उभे करतात. किल्ल्याला मातीचा रंग असतो, वाळताना पडलेल्या भेगा असतात. विकत आणलेला मावळा मात्र तुकतुकीत असतो आणि त्या तटावर उपरा दिसतो. त्याच मातीचं पातळ पाणी त्याच्या पावलांवरून एकदा फिरवा, तो लगेच त्या किल्ल्याचा होतो. लहान आकृत्यांवर धूळ, चिखल, घाम आणि झीज रंगवण्याच्या कलेचा हा पहिला धडा. मॉडेलं करणारी मंडळी तिला ‘वेदरिंग’ म्हणतात.

ही कला वाढली ती रणगाड्यांच्या आणि सैनिकांच्या छोट्या प्रतिकृती करणाऱ्यांच्या हातून. १९७० आणि ८० च्या दशकांत बेल्जियमच्या फ्रान्स्वा फेर्लिंडेन यांनी तिच्या पद्धती जगभर पोचवल्या. अमेरिकेच्या शेपर्ड पेन यांचं देखावे उभारण्यावरचं पुस्तक १९८० मध्ये आलं. १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’ चित्रपटातली अंतराळयानं वापरलेली वाटतात, कारण त्यांची मॉडेलं मुद्दाम मळवली होती. मूळ हत्यारं तीनच. वॉश म्हणजे अगदी पातळ गडद रंग. तो चुण्यांत आणि खाचांत जाऊन बसतो. ड्राय ब्रशिंगमध्ये ब्रशवरचा रंग जवळजवळ पुसून टाकतात आणि उरलेला फक्त उंचवट्यांवर घासतात. तिसरी पूड, म्हणजे खडू किंवा रंगद्रव्य बारीक करून केलेली धूळ.

हत्यारं जगभर सारखी असली तरी मळ त्या त्या गावचा असतो. युरोपातून येणाऱ्या बाटलीतला तपकिरी ‘चिखल’ सोलापूरच्या रानात कुठेच सापडत नाही. इथली माती बेसाल्ट झिजून झालेली. ओली झाली की फुगते, चिकटते, जवळजवळ काळी दिसते. उन्हात आकसून भेगाळते आणि राखेच्या रंगावर येते. म्हणून ओल्या चिखलासाठी काळ्यात थोडा बर्न्ट अंबर घालावा. सुकलेल्यासाठी त्याच मिश्रणात पांढरा आणि किंचित यलो ऑकर. कॅम्लिनचे साधे ॲक्रिलिक पुरतात. आकृती कोकणातली असेल तर हा सगळा हिशेब बदलतो. तिथे जांभ्याची लाली हवी.

या जिल्ह्यात वेदरिंग शिकायचं तर वारकऱ्यासारखा विषय नाही. आळंदीहून निघालेली माउलींची पालखी धर्मपुरीजवळ सोलापूर जिल्ह्यात शिरते आणि नातेपुते, माळशिरस, वेळापूर करत पंढरपूर गाठते. सुमारे २५० किलोमीटरची पायी वाट, त्यात आषाढ आणि पांढरं धोतर. मळाची प्रत्येक छटा त्या पांढऱ्यावर उठून दिसते.

समजा, ५४ मिलिमीटरचा वारकरी समोर आहे. म्हणजे साधारण ३२ पट लहान माणूस. पायाला ३ मिलिमीटरचा चिखल लागला असेल, तर इथे त्याची जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी हवी. मातीचा १ मिलिमीटरचा कण इथे ३ सेंटिमीटरचा दगड होतो. म्हणून खरी माती वापरायची तर ती मलमलीतून वस्त्रगाळ करावी लागते. गोंद लागला की ती गडद होते, हेही आधीच धरून चालावं.

धोतर शुभ्र रंगवू नये. किंचित पिवळट धरावं, म्हणजे उजेड पडतो तिथे पांढरा चढवायला जागा राहते. मग मळ ज्या क्रमाने लागला त्याच क्रमाने रंगवावा. मुक्कामावर धोतर धुतलं जातं, पण कालचा डाग पुरता जात नाही. त्याची फिकट छटा सर्वांत आधी. तिच्यावर सकाळी लागून सुकलेला राखाडी चिखल. शेवटी आत्ताचा ओला काळा, वर ग्लॉस वार्निशचा हलका हात, कारण ओल चमकते. काठाशी रंग दाट ठेवून वर विरवत न्यावा. ओल कापडात तशीच चढते. पायात चप्पल असेल तर शिंतोडे मागच्या बाजूला, पोटऱ्यांवर आणि धोतराच्या मागच्या भागावर हवेत, कारण चालताना टाच उचलली की चप्पल चिखल मागे उडवते. अनवाणी असेल तर चिखल बोटांच्या बेचक्यांत. कोरडी धूळ वरून बसते: खांद्यावर, टोपीवर, डोक्यावरच्या गाठोड्यावर. कपाळाला टेकणारी टोपीची कड घामाने काळवंडलेली असते.

कपाळावर मात्र हात जपून चालवावा. गोपीचंदन आणि बुक्का ही वारकऱ्याने स्वतः लावलेली खूण आहे, तिला मळाच्या वॉशमध्ये बुडवायचं नाही. घामाने बुक्का थोडा ओघळू द्यावा, पण त्याची जागा स्पष्ट राहावी. चेहरा आणि टाळ धरलेले हात तुलनेने स्वच्छ ठेवले की नजर तिथेच जाते. सगळीकडे सारखा मळ फासला तर आकृती नुसती घाणेरडी दिसते आणि चाललेली वाट हरवते.

आपण वारकरी आणि मावळे घडवतो ते आदराने, आणि त्याच आदरापोटी त्यांना लख्ख ठेवतो. पण त्यांचं मोठेपण ऊनपावसात चालण्यात होतं, आणि लख्ख रंगात नेमकं तेच पुसलं जातं. धूळ विचारपूर्वक रंगवणं हासुद्धा आदरच आहे. त्यासाठी महागडं सामान लागत नाही. येत्या दिवाळीत मुलांच्या हाती दोन ब्रश, काळा, पांढरा आणि अंबर द्या, आणि प्रत्येक डागापाशी त्यांना विचारा, हा कुठे लागला असेल? उत्तर शोधताना ती आपल्या मातीकडे, पावसाकडे आणि चालणाऱ्या माणसांच्या पायांकडे निरखून बघायला शिकतील.