यादी हलली, पण क्रम जतन झाला का?

‘सॉर्टेबल चालत नाही. ओळ ओढून वर नेली, पण पान रिफ्रेश केलं की पुन्हा जुन्या जागी!’ नव्या वेब डेव्हलपरांची ही तक्रार सतत कानावर येते. दोष दर वेळी लायब्ररीच्या माथी मारला जातो. मग जेक्वेरी यूआयचं सॉर्टेबल काढून त्याजागी सॉर्टेबलजेएस ही दुसरी लायब्ररी घातली जाते. तक्रार तशीच राहते, आणि राहणारच.

गैरसमज : ओळ हलली म्हणजे क्रम जतन झाला.

वस्तुस्थिती : ओळ ओढून सोडल्यावर बदलतो तो फक्त ब्राउझरमधला डॉम. सर्व्हरला त्याचा पत्ताही नसतो. रिफ्रेश केलं की ब्राउझर सर्व्हरकडून पान पुन्हा मागवतो आणि तिथला जुना क्रम दाखवतो. लायब्ररीने आपलं काम चोख केलेलं असतं. नवा क्रम सर्व्हरला कळवणं हे तुमचं काम आहे!

तेव्हा लायब्ररी बदलण्याआधी डेव्हलपर टूल्समधला नेटवर्क टॅब उघडा आणि एक ओळ हलवा. रिक्वेस्टच जात नसेल, तर ‘अपडेट’ इव्हेंटवर ती पाठवणारं फंक्शन लावलंय का ते पाहा. रिक्वेस्ट रिकामी जात असेल, तर ओळींचे आयडी तपासा. जेक्वेरी यूआयच्या ‘सीरियलाइझ’ला आयडीत आधी नाव, मग अंडरस्कोर आणि शेवटी क्रमांक लागतो. नुसता क्रमांक दिला, तर हाती रिकामी स्ट्रिंग येते.

रिक्वेस्ट नीट जाऊनही क्रम विस्कटतो? मग डेटाबेसकडे वळा. क्रमासाठी वेगळा कॉलम हवा आणि क्वेरीत त्यावर ‘ऑर्डर बाय’ हवं. ते नसेल तर ओळी कोणत्या क्रमाने येतील याची हमी नाही. पोस्टग्रेस्क्यूएलच्या मॅन्युअलमध्येच तसं लिहिलं आहे. चाचणीत क्रम बरोबर दिसला, तर तो योगायोग समजा.

जतन करताना सर्व्हरकडून एरर आली, तर यादी पूर्वीच्या क्रमावर न्या आणि वापरणाऱ्याला तसं सांगा. गप्प राहिलात, तर त्याची मेहनत वाया गेल्याचं त्याला फार उशिरा कळेल.

आणखी काही गैरसमज :

‘ड्रॉप इव्हेंट येत नाही, ब्राउझरमध्ये बग आहे.’ बग नाही. लायब्ररीशिवाय, ब्राउझरचंच ड्रॅग-अँड-ड्रॉप वापरताना ‘ड्रॅगओव्हर’मध्ये ‘प्रिव्हेंटडिफॉल्ट’ कॉल केल्याशिवाय साधा डिव्ह किंवा यादी ड्रॉप स्वीकारत नाही. एचटीएमएलचा नियमच तसा आहे.

‘टेबललाच सॉर्टेबल लावलं की झालं.’ नाही. ओळी टीबॉडीत असतात; तिथे लावा.

‘माउसने चालतं, म्हणजे मोबाइलवरही चालेल.’ जेक्वेरी यूआयचं सॉर्टेबल माउसचे इव्हेंट ऐकतं, स्पर्शाचे नाही. खऱ्या फोनवर तपासा.

‘ओढता येतंय, मग वर-खाली बटणं कशाला?’ वेब सुलभतेच्या डब्ल्यूसीएजी २.२ (ऑक्टोबर २०२३) या मार्गदर्शक तत्त्वांमधला निकष २.५.७ सांगतो, की ओढून होणारं काम न ओढताही, साध्या क्लिकने करता आलं पाहिजे. ज्याचा हात थरथरतो, त्याला यादी लावण्यासाठी ही बटणंच लागतात.