जुन्या जीपचे इंजिन : बदलावे की सुधारावे?

म्हैसमाळचा चढ चढताना जुनी जीप धापा टाकू लागली, की मालकाला पहिला सल्ला मिळतो तो इंजिन बदलण्याचा. 'हे पेट्रोल इंजिन काढा आणि डिझेल बसवा' असे सांगणारे गॅरेजमध्ये भेटतात, तसे जुन्या गाड्यांच्या शौकिनांमध्येही भेटतात. छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) शहरात हा सल्ला अमलात आणणे फारसे अवघडही नाही. १९८५ मध्ये वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना आला, २००१ मध्ये शेंद्र्याला स्कोडाच्या मोटारींची जुळणी सुरू झाली. अशा मोठ्या उद्योगांच्या आधाराने सुटे भाग घडविणारे अनेक लहानमोठे कारखाने येथे उभे राहिले. लोखंडाशी बोलणारे हात या शहरात आहेत. त्यामुळे प्रश्न कौशल्याचा नाही, निर्णयाचा आहे. मूळ इंजिन एकदा भंगारात गेले की ते सहसा परत मिळत नाही. त्याच्याबरोबर गाडीची ओळख जाते, किंमत घटते आणि तिची कायदेशीर नोंदणीही अडचणीत येऊ शकते. म्हणूनच इंजिन बदलण्यापूर्वी ते खरोखर दुबळे आहे की केवळ बिघडलेले आहे, याचा शोध घेणे अगत्याचे ठरते.

एका चिवट इंजिनाची घडण

दुसऱ्या महायुद्धात गाजलेल्या विलीज जीपमध्ये ६० अश्वशक्तीचे चार सिलिंडरचे पेट्रोल इंजिन होते. त्यात इंधन आत घेणारे आणि धूर बाहेर सोडणारे, असे दोन्ही वॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला, ब्लॉकमध्येच होते. १९५३ मध्ये आलेल्या 'सीजे-३बी' या जीपसाठी विलीज कंपनीने त्याच इंजिनात बदल केला. धुराचा वॉल्व्ह ब्लॉकमध्येच ठेवून इंधनाचा वॉल्व्ह वर हेडमध्ये नेला. त्यामुळे इंधनाचा वॉल्व्ह मोठा करता आला, इंजिनाला श्वास मोकळा मिळाला आणि शक्ती ७५ अश्वशक्तीपर्यंत गेली. मात्र इंजिनाची उंची वाढली. सीजे-३बीचे बॉनेट तिच्या आधीच्या जीपपेक्षा ठळकपणे उंच दिसते, ते याच कारणाने.

महिंद्र कंपनीने ही जीप भारतात दीर्घकाळ बनवली आणि ती लष्कर, पोलीस, वन खाते, पाटबंधारे खाते ते बागायतदारांच्या वाड्यापर्यंत सर्वत्र पोहोचली. लष्करासाठी जबलपूरच्या कारखान्यात निस्सानच्या आराखड्यावर तयार झालेली सहा सिलिंडरची 'जोंगा'ही पुढे लिलावांतून नागरिकांच्या हाती आली. पेट्रोल महागत गेले, तशी या गाड्यांची मूळ इंजिने उतरू लागली. १९८० च्या दशकात खुद्द महिंद्रने प्युजो बनावटीचे २११२ सीसीचे डिझेल इंजिन आपल्या जीपमध्ये आणले. मराठवाड्यात 'काळी-पिवळी' म्हणून प्रवासी वाहणाऱ्या गाड्यांना तर डिझेलच परवडे. रोज दोनशे किलोमीटर धावणाऱ्या गाडीसाठी तो हिशेब बरोबर होता. महिन्यातून दोनदा गौताळ्याच्या रानवाटेवर जाणाऱ्या जीपला मात्र तो लागू पडत नाही.

ताकद कोठे असते?

सीजे-३बीच्या इंजिनाचा बोअर ७९.४ मिलिमीटर आणि स्ट्रोक १११.१ मिलिमीटर आहे. क्षमता २१९९ सीसी. म्हणजे सिलिंडर अरुंद आणि पिस्टनचा प्रवास लांब. अशी रचना वेगासाठी नसते, ओढीसाठी असते. या इंजिनाची सुमारे १५५ न्यूटन-मीटरची सर्वाधिक ओढ मिनिटाला अवघ्या २००० फेऱ्यांवर मिळते. उलट ४००० फेऱ्यांवर पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला जवळजवळ १५ मीटर होतो. त्या काळच्या बांधणीसाठी हा वेग बराच आहे. म्हणून 'इंजिन जास्त फिरवून जास्त ताकद' हा आधुनिक मोटारीचा मार्ग येथे निरुपयोगी, किंबहुना घातक ठरतो.

खरी किमया गिअरांच्या साखळीत आहे. पहिल्या गिअरचे प्रमाण सुमारे २.८, ट्रान्स्फर केसमधील 'लो'चे २.४६ आणि डिफरन्शियलचे ५.३८. या तिन्हींचा गुणाकार ३७ च्या आसपास येतो. म्हणजे इंजिन ३७ वेळा फिरते तेव्हा चाक एकदा फिरते. इंजिन २००० फेऱ्यांवर असताना गाडी ताशी सात किलोमीटरने सरकते आणि चाकावर ओढ ३७ पट होऊन येते. पावसाळ्यात मराठवाड्यातील काळ्या मातीचा चिखल तुडवायला किंवा खडकाळ चढ चढायला हवे असते ते हेच. वेग, धूर किंवा गर्जना तिथे कामाची नसते. ही साखळी समजली, की ७५ अश्वशक्ती कमी वाटत नाही. ती पूर्ण मिळत नसेल, तर दोष अन्यत्र शोधावा लागतो.

आधी निदान, मग पाना

जाणता मिस्त्री पहिल्या दिवशी कार्ब्युरेटरला हात लावत नाही. तो प्रथम कॉम्प्रेशन तपासतो. इंजिन गरम करून, चारही प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडे ठेवून प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजला जातो. येथे आकड्यापेक्षा चारही सिलिंडरमधील समानता महत्त्वाची. त्यांच्यातील फरक दहा पौंडांच्या आत असावा. एखाद्या सिलिंडरचा दाब कमी आढळला, तर त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजतात. दाब वाढला तर रिंग किंवा बोअर झिजलेला आहे. वाढला नाही तर वॉल्व्ह नीट बसत नाही. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरचा दाब एकदम पडलेला असेल, तर हेड गॅस्केट फुंकल्याचा संशय घ्यावा.

धूरही बोलतो. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल खात आहे. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जात आहे. गरम झाल्यावरही न थांबणारा पांढरा धूर म्हणजे पाणी सिलिंडरमध्ये शिरत आहे. पहिल्या आणि तिसऱ्या दोषासाठी इंजिन उघडावे लागते, दुसऱ्यासाठी लागत नाही. एवढा भेद न करता उपचार सुरू केला, की पैसा आणि वेळ दोन्ही वाया जातात.

यानंतर टॅपेट. या इंजिनात इंधनाच्या वॉल्व्हसाठी ०.०१८ इंच आणि धुराच्या वॉल्व्हसाठी ०.०१६ इंच अंतर थंड इंजिनावर ठेवायचे असते. वरचे टॅपेट सहज दिसतात, बाजूच्या झाकणामागचे विसरले जातात. धुराच्या वॉल्व्हला अंतर उरले नाही, की तो पूर्ण बंद होत नाही आणि हळूहळू जळतो. 'इंजिन संपले' असा शेरा मारून उतरवल्या जाणाऱ्या इंजिनांत केवळ जळका वॉल्व्ह असलेलीही असतात.

ठिणगी आणि तिची वेळ

फायरिंगचा क्रम १-३-४-२. पॉइंटमधील अंतर ०.०२० इंच, प्लगचे ०.०३० इंच. ठिणगी पिस्टन माथ्यावर पोहोचण्याच्या पाच अंश आधी पडली पाहिजे. हे आकडे साधे आहेत, पण डिस्ट्रिब्युटरचा दांडा बुशमध्ये हलत असेल तर ते टिकत नाहीत. प्रत्येक फेरीत ठिणगीची वेळ मागेपुढे होते आणि इंजिन अडखळते. शिवाय वेग वाढेल तशी ठिणगी लवकर पाडणारी वजने आणि स्प्रिंगा डिस्ट्रिब्युटरच्या पोटात असतात. त्या गंजून अडकल्या, की गाडी जागेवर छान चालते आणि चढावर मरते. नेमकी हीच तक्रार घेऊन मालक इंजिन बदलायला निघालेला असतो.

पॉइंट आणि कंडेन्सरच्या जागी डिस्ट्रिब्युटरच्या आतच बसणारा इलेक्ट्रॉनिक संच हा जुन्या इंजिनातील सर्वांत सभ्य बदल म्हणता येईल. तो बाहेरून दिसत नाही, पॉइंट घासण्याचा त्रास संपतो आणि मनात आले तर मूळ रचना अर्ध्या तासात परत बसवता येते. मात्र त्याआधी बुश दुरुस्त झालेला असला पाहिजे.

हवा, उंची आणि इथेनॉल

शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटर उंचीवर आहे, म्हैसमाळ सुमारे १०६७ मीटरवर. शहरात हवेचा दाब समुद्रकिनाऱ्याच्या तुलनेत साडेसहा टक्क्यांनी आणि म्हैसमाळला बारा टक्क्यांनी कमी असतो. त्यात मे महिन्यातील ४० अंशांची उष्णता मिळवली, तर शहरातच हवा १५ अंशांच्या किनारी हवेपेक्षा सुमारे १४ टक्के विरळ होते. शक्ती त्या प्रमाणात घटणारच. कोणतेही ट्युनिंग ती परत आणू शकत नाही. पण कार्ब्युरेटरला विरळ हवा ओळखता येत नाही. तो पेट्रोल त्या मानाने जास्तच सोडतो आणि मिश्रण सहा-सात टक्क्यांनी दाट होते.

याच्या नेमके उलट काम इथेनॉल करते. देशात पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट २०२५ मध्ये गाठले गेले. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला जाळण्यासाठी वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, तर इथेनॉलला अवघी नऊ. वीस टक्के मिश्रणासाठी हे प्रमाण साडेतेराच्या आसपास येते. म्हणजे जुन्याच जेटमधून जाणारे इंधन आता सात-आठ टक्क्यांनी अपुरे पडते. उन्हाळ्यात विरळ हवा ही तूट बरीचशी भरून काढते. डिसेंबरच्या गार सकाळी ती उघडी पडते. इंजिन खोकते, गरम होते, चोक लवकर सोडवत नाही. मे महिन्यात उत्तम चालणारी जीप हिवाळ्यात का रुसते, याचे एक उत्तर येथे आहे. मुख्य जेट एका मापाने वाढवून प्लगचा रंग पाहणे, हा त्यावरचा साधा उपाय. भाजलेल्या विटेसारखा तांबूस-तपकिरी रंग योग्य, पांढरा म्हणजे इंधन कमी, काजळी म्हणजे जास्त.

इथेनॉलचा दुसरा प्रश्न अधिक गंभीर आहे. ते जुने रबर आणि बुचाचे गॅस्केट खराब करते, ओलावा शोषते आणि टाकीतील जुना गंज सोडवून कार्ब्युरेटरकडे पाठवते. पेट्रोलचे पाइप, पंपाचा पडदा आणि कार्ब्युरेटरचे गॅस्केट इथेनॉलला टिकणाऱ्या प्रकारचे घेणे ही आता चैन राहिलेली नाही. सच्छिद्र झालेला पाइप तापलेल्या मॅनिफोल्डवर पेट्रोल गाळू लागला, तर गाडीला आग लागू शकते. महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टाकीत जुने इंधन साचू देऊ नये, हेही त्याच कारणाने.

इंजिन उघडलेच, तर

निदानात रिंग, बोअर किंवा वॉल्व्हचा दोष निघाला, तर इंजिन उघडणे आलेच. त्या वेळी पुढची वीस-तीस वर्षे डोळ्यांसमोर ठेवून काम करून घ्यावे. शिसेमिश्रित पेट्रोल देशभरात २००० साली बंद झाले. धुराच्या वॉल्व्हची सीट झिजण्यापासून त्या शिशामुळे वाचत असे. म्हणून कडक पोलादाच्या सीट बसवलेल्या आहेत ना, हे पाहावे. नसतील तर बसवाव्यात. मूळ कॉम्प्रेशन ६.९ ला १ इतके कमी आहे आणि उंच प्रदेशांसाठी ७.४ चा पर्याय कंपनीच देत असे. आजच्या पेट्रोलचा ऑक्टेन त्या काळापेक्षा बराच वर असल्याने हेड बेताने घासून तेवढी वाढ घेता येते. त्यापुढे जाण्याचा मोह टाळावा. पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड यांची वजने समान करून घेतली, तर थरथर लक्षणीय कमी होते.

रेडिएटरकडे मात्र सर्वाधिक दुर्लक्ष होते. बोअरवेलच्या जड पाण्याने ब्लॉकमधील पाण्याचे मार्ग क्षाराने बुजतात. अशा इंजिनाला नवा पंखा लावून उपयोग नसतो. ब्लॉक आतून साफ करणे, शुद्ध केलेले पाणी व कूलंट वापरणे आणि काढून टाकलेला थर्मोस्टॅट परत बसवणे, हेच खरे उपचार.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील कंपनीच्या मूळ रचनेपासून वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका स्पष्ट केली. वेगळ्या इंधनावर चालण्यासाठी इंजिनात फेरफार करण्याची तरतूद आहे, परंतु ती ठरवून दिलेल्या अटींच्या अधीन आहे. इंजिन क्रमांक पुस्तकात एक आणि गाडीत दुसरा, ही अवस्था विक्री, विमा आणि अपघात या तिन्ही प्रसंगी महागात पडते.

दुसरीकडे, जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने 'व्हिंटेज' वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षे पूर्ण झालेल्या, व्यापारी नसलेल्या दुचाकी-चारचाकींना 'व्हीए' अक्षरांची वेगळी नोंदणी मिळू शकते. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये असून ती दहा वर्षांसाठी असते. अशी गाडी रोजच्या किंवा व्यापारी वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. सर्वांत महत्त्वाची अट म्हणजे चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. डिझेल इंजिन बसवलेली १९६८ ची जीप वयाने पात्र असली, तरी या कसोटीवर अडते. ज्या गाड्या कारखान्यातूनच डिझेल इंजिनासह निघाल्या, त्यांचे मूळ इंजिन अर्थातच डिझेल. त्यांनाही हाच न्याय लागू.

तेव्हा क्रम सरळ आहे. आधी कॉम्प्रेशन, मग टॅपेट, मग ठिणगी, मग इंधन आणि शेवटी थंडावा. यातील पहिली चार कामे इंजिन चासीवरून न उतरवता होतात आणि त्यांचा खर्च नव्या इंजिनाच्या तुलनेत किरकोळ असतो. एवढे करूनही जीप म्हैसमाळच्या चढावर दमली, तर ती थोडी दमणारच, कारण तिथे हवाच बारा टक्के कमी दाबाची आहे. अशा वेळी गिअर 'लो'मध्ये टाकावा. ती सोय या गाडीत पहिल्या दिवसापासून आहे.