मुलांसह अग्निबाणांच्या मेळाव्याला : निवड कशी करावी?

दिवाळीत बाटलीत उभा करून सोडलेला बाण मराठी मुलांना नवा नाही. वात पेटवावयाची, मागे पळावयाचे आणि बाण शेजाऱ्याच्या गंजीवर जाऊन पडू नये अशी मनोमन प्रार्थना करावयाची, एवढेच त्याचे शास्त्र. अमेरिकेत मात्र मुलांच्या अग्निबाणांची एक निराळी परंपरा १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून रुजली आहे. पुठ्ठ्याची नळी, बाल्सा लाकडाचे पातळ पंख, टोकाला हलका शंकू आणि दुकानात तयार मिळणारे छोटे इंजिन एवढ्या सामग्रीतून दहा वर्षांचे मूलही आपला अग्निबाण घरी तयार करते. तो आकाशात जातो, हवाई छत्री उघडून खाली येतो आणि नवे इंजिन बसवून पुन्हा उडविता येतो. यासच तेथे ‘मॉडेल रॉकेट’ म्हणतात.

या छंदाचे राष्ट्रीय पातळीवरील मेळावे दरवर्षी भरतात आणि ते एकाच प्रकारचे नसतात. मुलांना घेऊन कोणत्या मेळाव्यास जावे, हा प्रश्न त्यामुळे तेथील पालकांपुढे उभा राहतो. न्यू जर्सी, शिकागो किंवा कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना आणि सुटीत नातवंडांकडे गेलेल्या येथील आजी-आजोबांनाही तो पडू शकतो. हजार-दीड हजार मैलांचा प्रवास, मुक्कामाचा खर्च आणि मुलाची उमेद या तिन्ही गोष्टी त्या निवडीत गुंतलेल्या असतात. चुकीच्या मेळाव्याला नेलेले मूल दुपारपर्यंत कंटाळते आणि पुन्हा त्या वाटेस जात नाही.

पादत्राणांच्या दुकानातून झालेला आरंभ

या मेळाव्यांचे स्वरूप समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १९५० च्या दशकात अमेरिकेतील अनेक मुले घराच्या तळघरात स्फोटक रसायने धातूच्या नळीत ठासून अग्निबाण तयार करीत. ऑक्टोबर १९५७ मध्ये रशियाचा स्पुटनिक आकाशात गेला आणि हे वेड अधिकच पसरले. धातूची नळी फुटली म्हणजे तिचे तुकडे गोळ्यांसारखे सुटतात. या उद्योगात मुले जखमी झाली, काही प्राणासही मुकली.

न्यू मेक्सिकोतील व्हाइट सँड्स प्रक्षेपण केंद्रावर काम केलेले अभियंते जी. हॅरी स्टाइन यांनी १९५७ च्या आरंभी या धोक्याविषयी एका लोकप्रिय मासिकात लेख लिहिला. तो नेब्रास्का राज्यातील नॉरफोक या गावी पादत्राणांचे दुकान चालविणारे ऑर्व्हिल कार्लाइल यांच्या वाचनात आला. कार्लाइल यांना शोभेच्या दारूकामाचा नाद होता, तर त्यांचे बंधू रॉबर्ट यांना छोट्या विमानांचा. दोघांनी मिळून १९५४ मध्येच कागदी नळीचा, हवाई छत्रीने उतरणारा एक अग्निबाण तयार केला होता. कार्लाइल यांनी तो स्टाइन यांच्याकडे पाठविला. पुढे स्टाइन यांनी १९५७ मध्येच या छंदाची राष्ट्रीय संघटना उभी केली. तीच आजची नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्री. डेन्व्हर येथील दारूकामाच्या व्यवसायातील कुटुंबातले व्हर्नन एस्टेस यांनी बंदुकीच्या दारूची छोटी इंजिने यंत्रावर तयार करण्यास प्रारंभ केला आणि मुलाने स्वतः दारू ठासण्याचे कारणच उरले नाही.

धोक्याचा भाग कारखान्याकडे आणि कल्पकतेचा भाग मुलाकडे, अशी ही वाटणी होती. आजही सारा छंद तिच्यावरच उभा आहे.

अक्षरांचा अर्थ

मेळाव्याच्या माहितीपत्रकात ‘ए’, ‘बी’, ‘सी’ अशी इंजिनांची अक्षरे आढळतात. ती समजली तर अर्धी निवड तेथेच होते. प्रत्येक अक्षर इंजिनाचा एकूण आवेग दर्शविते आणि पुढच्या अक्षरागणिक ही मर्यादा दुप्पट होते. ‘ए’ची कमाल मर्यादा २.५ न्यूटन-सेकंद, ‘बी’ची ५, ‘सी’ची १०, आणि याच क्रमाने ‘जी’ची १६०. ‘सी ६-५’ असे लिहिले असेल, तर ६ हा न्यूटनमधील सरासरी रेटा आणि ५ म्हणजे इंधन संपल्यानंतर छत्री बाहेर फेकली जाईपर्यंतचे सेकंद. ‘ए’ इंजिनावरचा लहान अग्निबाण शंभरएक मीटर चढतो. सातआठ वर्षांच्या मुलास तेवढी उंची पुरेशी असते, कारण छत्री उघडलेली त्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसते.

‘एच’पासून पुढे मोठ्या शक्तीचे अग्निबाण सुरू होतात. ते उडविण्यासाठी प्रमाणपत्र लागते आणि सामान्यतः वयाची १८ वर्षे पूर्ण असावी लागतात. नॅशनल असोसिएशनने १४ ते १७ वयाच्या सभासदांसाठी देखरेखीखालील पहिली पायरी ठेवलेली आहे. लहान मूल तेथे प्रेक्षकच राहते.

चार मेळावे, चार प्रकृती

सर्वांत जुना मेळावा म्हणजे ‘नॅरम’, नॅशनल असोसिएशनचे वार्षिक संमेलन. पहिले १९५९ मध्ये कोलोरॅडोतील डेन्व्हरजवळ भरले. ते उन्हाळ्यात, बहुधा आठवडाभर चालते आणि त्याचे स्थळ बदलत असते. येथे स्पर्धांना प्राधान्य आहे. छत्रीवर अधिकाधिक वेळ तरंगणे, कच्चे अंडे न फुटता परत आणणे, वर जाऊन विमानासारखे घिरट्या घेत उतरणे असे अनेक प्रकार असतात. खऱ्या अग्निबाणांच्या हुबेहूब प्रतिकृतींची स्पर्धा तर थांबून पाहण्यासारखी असते. परीक्षक प्रथम मूळ अग्निबाणाची छायाचित्रे व मोजमापे समोर ठेवून प्रतिकृती तपासतात आणि मग ती उडवावी लागते. कित्येक महिन्यांचे काम काही सेकंदांच्या हवाली होते. संध्याकाळी व्याख्याने व संशोधनाचे अहवाल सादर होतात. वयानुसार गट असल्याने मुलांनाही भाग घेता येतो. पण ज्याने यापूर्वी गावातील मंडळाच्या मैदानावर चारसहा उड्डाणे केलेली आहेत अशा मुलासच तेथे गोडी वाटते. प्रथमच येणाऱ्यास आठवडा फार होतो.

दुसरा ‘नॅशनल स्पोर्ट लाँच’. हाही नॅशनल असोसिएशनचाच. मे अखेरच्या ‘मेमोरियल डे’च्या जोडून येणाऱ्या सुटीत तो भरविण्याची रीत पडली आहे. येथे क्रमांक, गुण, पारितोषिके यांना महत्त्व नाही. ज्याने जे बांधून आणले ते तपासून घ्यावे आणि उडवावे. एका बाजूस मुलांचे इवलेसे अग्निबाण, दुसऱ्या बाजूस मैदानाच्या परवानगीनुसार मोठे, अशी मांडणी असते. मूल सहा ते बारा वर्षांचे असेल आणि त्याचा पहिलाच मेळावा असेल, तर हाच निवडावा. सकाळी उडविलेला अग्निबाण शोधून आणावा, मोडलेला पंख चिकटवावा, दुपारी पुन्हा रांगेत उभे राहावे, यात त्याचा दिवस जातो.

तिसऱ्याचे नावच पालकांस बिचकविणारे आहे. ‘एलडीआरएस’, म्हणजे ‘लार्ज अँड डेंजरस रॉकेट शिप्स’. मोठी आणि धोकादायक अग्निबाण-जहाजे! १९८२ मध्ये ओहायो राज्यातील मेडायना येथे हा प्रथम भरला. त्या काळी नॅशनल असोसिएशन मोठ्या अग्निबाणांना मान्यता देत नसे, म्हणून नावात ही थट्टा आली. पुढे ट्रिपोली रॉकेट्री असोसिएशनने तो आपला वार्षिक मेळावा केला. कॅन्ससमधील अर्गोनियाची कुरणे, कॅलिफोर्नियातील ल्यूसर्नचे कोरडे सरोवर अशा विस्तीर्ण जागी तो भरलेला आहे. माणसाहून उंच अग्निबाण गर्जना करीत ढगांपर्यंत जाताना पाहणे हा अनुभव खरोखरच विलक्षण असतो. तथापि ‘एम’ वर्गाच्या इंजिनापासून किमान ५०० फूट आणि ‘ओ’ वर्गापासून १,५०० फूट दूर राहावे लागते. मांडणीजवळ लहान मुलांस जाऊ दिले जात नाही. मोठ्या उड्डाणांच्या मधल्या तयारीचा काळही लांबतो. तेरा-चौदा वर्षांच्या, प्रश्न विचारणाऱ्या मुलास येथे अवश्य न्यावे. पाच वर्षांच्या मुलाच्या वाट्यास मात्र ऊन, धूळ आणि दचकविणारा आवाज एवढेच येते. सर्वांत मोठे ते मुलांसाठी सर्वांत चांगले, हा पालकांचा समज येथे हमखास फसतो.

चौथा प्रकार शाळांचा. विमानाच्या शोधाच्या शताब्दीचे निमित्त साधून एअरोस्पेस इंडस्ट्रीज असोसिएशन व नॅशनल असोसिएशन यांनी सुरू केलेल्या शालेय संघांच्या स्पर्धेची पहिली अंतिम फेरी २००३ मध्ये व्हर्जिनियातील ‘द प्लेन्स’ या गावाजवळील ग्रेट मेडो मैदानावर झाली. दोन कच्ची अंडी बरोबर १,५०० फुटांपर्यंत नेऊन सुखरूप आणावयाची, असे पहिल्या वर्षीचे लक्ष्य होते. उंचीत जितके फूट चूक तितके गुण विरुद्ध जातात. अंडे फुटले की उड्डाण बाद. लक्ष्य दरवर्षी बदलते, त्यामुळे गेल्या वर्षीचा विजयी अग्निबाण पुन्हा आणून भागत नाही. सहावी ते बारावीचे विद्यार्थी यात असतात. प्रेक्षक म्हणून आलेल्या मुलास येथे स्वतःचे काही उडवावयास मिळत नाही. परंतु शिक्षकांनी एकदा पाहावी अशी ही स्पर्धा आहे. वारा, तापमान आणि वजन यांच्या नोंदींनी भरलेल्या वह्या मांडीवर घेऊन बसलेली मुले तेथे दिसतात. विजयासाठी उंची गाठण्यापेक्षा नेमकेपणा लागतो, हे त्यांना कोणी वेगळे सांगावे लागत नाही.

मैदानावरील शिस्त

मेळावा कोणताही असो, मैदानावर पहिला अधिकार सुरक्षा अधिकाऱ्याचा. तो प्रत्येक अग्निबाण हातात घेऊन पंख हलवून पाहतो, छत्री तपासतो, इंजिन घट्ट बसले आहे की नाही ते बघतो. न पटल्यास परत पाठवितो; मग तो मुलाचा असो की नामांकित अभियंत्याचा. प्रज्वलन विजेच्या तारेने, दुरून आणि मोठ्याने अंक मोजूनच होते. ‘डी’ किंवा त्याहून लहान इंजिनासाठी १५ फूट आणि त्यापुढील मॉडेल रॉकेटसाठी ३० फूट अंतर ठरलेले आहे. वारा ताशी २० मैलांच्या वर गेला की उड्डाणे थांबतात. कळ दाबूनही अग्निबाण उडाला नाही, तर विजेचा संबंध तोडून पूर्ण ६० सेकंद कोणी जवळ जावयाचे नाही. दिवाळीत न फुटलेल्या फटाक्याशी वाकून बसणाऱ्या आपल्या मुलांना हे ६० सेकंद फार लांब वाटतील.

पालकांनी घरूनच मुलास दोन गोष्टी पढवून न्याव्यात. ध्वनिक्षेपकावरून इशारा झाला की खेळ, खाणे सोडून उभे राहावयाचे आणि वर पाहावयाचे. छत्री न उघडलेला अग्निबाण सरळ खाली येतो. त्याच्याकडे पाहणाऱ्यास बाजूस सरता येते, पाठमोऱ्यास नाही. दुसरे असे की, उतरणारा अग्निबाण हातांनी झेलावयास धावू नये आणि विजेच्या तारांवर वा उंच झाडावर अडकलेला काढावयास जाऊ नये. तो गेला असेच समजावे. लहान मुलाच्या डोळ्यांत यावेळी पाणी येते, म्हणून जाणते पालक पिशवीत दुसरा तयार अग्निबाण ठेवतात.

निघण्यापूर्वी संयोजकांकडे चौकशी करणे इष्ट असते. मुलांच्या छोट्या अग्निबाणांसाठी वेगळी मांडणी आहे काय, इंजिने मैदानावर मिळतात काय (विमानातून ती नेता येत नाहीत), सावली, पाणी व स्वच्छतागृह यांची सोय किती अंतरावर आहे? शिवाय वाऱ्यामुळे एखादा दिवस वाया जातो, हे धरूनच मुक्काम ठरवावा.

जागा कोणाची?

एवढी मोकळी जागा येते कोठून, असा प्रश्न ग्रामपंचायतीच्या सदस्यांना साहजिकच पडेल. ‘सी’ इंजिनासाठी निदान ४०० फूट लांबीरुंदीचे मैदान सांगितले आहे, ‘ई’पासून १,००० फूट. पुष्कळ ठिकाणी ही जागा शेतकऱ्याची असते. कुरण किंवा पीक निघालेले शेत. जमीनमालकाची संमती, आगीसंबंधीचे स्थानिक नियम आणि मोठ्या अग्निबाणांसाठी विमान वाहतूक प्रशासनाची परवानगी, या सर्वांची पूर्तता मंडळास करावी लागते. उभ्या पिकात अग्निबाण शोधत फिरलेल्या एका पाहुण्यामुळे पुढच्या वर्षीचे मैदान हातचे जाऊ शकते.

भारतात अशी तयार इंजिने दुकानांत सर्रास मिळत नाहीत आणि स्फोटक द्रव्ये हाताळण्यावर कायद्याचे निर्बंध आहेत. शिक्षकांनी वा विद्यार्थ्यांनी ती घरी तयार करण्याच्या भानगडीत मुळीच पडू नये. अलीकडे ‘इन-स्पेस’ या केंद्रीय संस्थेच्या पुढाकाराने महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी मॉडेल रॉकेटची राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली असून ऑक्टोबर २०२५ मध्ये उत्तर प्रदेशातील कुशीनगर जिल्ह्यात तिची प्रक्षेपणे झाली. शाळेतील मुलांसाठी मात्र पाण्याचा अग्निबाण हाच सोयीचा मार्ग आहे. प्लॅस्टिकच्या बाटलीत सुमारे एक तृतीयांश पाणी भरावे, बूच बसवून उलटी उभी करावी आणि सायकलच्या पंपाने हवा भरावी. दाब वाढून पाणी खाली फेकले जाते व बाटली वर उसळते. अंतर, अंकांची मोजणी, एक सुरक्षा अधिकारी हे नियम येथेही तसेच पाळावेत, आणि दोरी ओढण्याचे काम ज्याने बाटली सजविली त्याच मुलाकडे द्यावे. बाटली फसफसणाऱ्या शीतपेयाचीच घ्यावी. पिण्याच्या पाण्याच्या पातळ बाटल्या तेवढा दाब सोशीत नाहीत. चिरा पडलेली बाटली तर पहिल्याच तपासणीत बाजूस काढावी.