वहाणेतले पाय

केस पेपरची खिडकी साडेआठला उघडते. रांग मात्र सातपासून लागली आहे. रांगेत माणसांपेक्षा पिशव्या जास्त. ज्यांना उभं राहवत नाही त्यांनी पिशवी ठेवून नंबर धरला आहे आणि स्वतः भिंतीच्या सावलीला टेकले आहेत. रांग हलली की मागचा माणूस पुढची पिशवी सरकवतो. त्यावरून कुणी भांडत नाही. मे महिना आहे. मराठवाड्यातलं तालुक्याचं गाव. पत्र्याच्या शेडखाली आत्ताच घामाच्या धारा लागल्या आहेत.

आज शुगर-बीपीचा वार. बहुतेक जण पहाटेची पहिली एसटी धरून उपाशीपोटी आले आहेत, कारण मागच्या खेपेला तसं सांगितलं होतं. एक आजोबा चहाच्या टपरीकडे बघतात, मान फिरवतात, पुन्हा बघतात. "आता चहा घेतला तर सगळं पाण्यात जाईल," सून बजावते. शेजारच्या बाईंचे हात थरथरू लागले आहेत. त्यांनी रात्रीची गोळी घेतली आहे आणि रात्री जेवणही बेताचंच केलं आहे. कुणीतरी त्यांना आत पुढं पाठवा म्हणतं. रांग आपसूक बाजूला होते.

आत बोळवजा व्हरांडा, दोन्ही बाजूंना बाकडी. वर पंखा आहे, त्याची हवा खालपर्यंत पोचत नाही. एका दाराशी टेबल टाकलं आहे. त्यावर शुगरचं मशीन, बीपीचं मशीन, कापसाचा डबा, सुया टाकायचा पांढरा डबा आणि एक जाडजूड रजिस्टर. सिस्टरांचा हात सराईत आहे. बोट पुसायचं, टोचायचं, दाबायचं, थेंब पट्टीवर. पाच सेकंद. "एकशे अठ्ठ्याण्णव. पुढचा."

आकडा मोठ्यानं सांगितला जातो, त्यामुळे सगळ्या बाकड्यांना कळतो. "माझी गेल्या टायमाला अडीचशे होती," एक बाई सांगतात. "लग्नं झाली ना घरात," दुसऱ्या समजून घेतात. इथं प्रत्येकाला आपला मागचा आकडा पाठ आहे. या टेबलावरून बोट टोचल्याशिवाय कुणी पुढं जात नाही, बीपीही कुणाचं राहत नाही. गर्दी एवढी आणि हात दोन, हे बघता ते साधं काम नाही. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत भारतातल्या मधुमेहींची संख्या 10 कोटींच्या वर निघाली होती. तो आकडा कागदावर वाचताना अंगावर येत नाही. इथं रजिस्टरचं पान भरतं, उलटतं, पुन्हा भरतं, तेव्हा येतो.

डॉक्टरांच्या खोलीत एकावेळी तिघं-चौघं आहेत. एक खुर्चीवर, बाकीचे तिच्या मागं. केस पेपरवर वजन, बीपी, शुगर लिहून आलेलं असतं. डॉक्टर आकडा बघतात, गोळ्या विचारतात, एखादी वाढवतात. पुरुषांना तंबाखू-बिडीचं विचारलं जातं. मागच्या बाईंच्या दातांवर मशेरीचा काळा थर आहे. त्यांना कुणी विचारत नाही, त्या सांगत नाहीत. तीन-चार मिनिटांत माणूस बाहेर. बाहेर पडणारा प्रत्येक जण केस पेपर छातीशी धरून एकच विचारतो, "गोळ्या कुठं?"

मधुमेह्याला वर्षभरात आणखी काय काय बघून घ्यायला हवं, ते याच व्हरांड्यात वेगवेगळ्या दारांमागं आहे. मी त्या दारांवरून चालत जातो.

प्रयोगशाळेच्या खिडकीवर "तीन महिन्यांची शुगर" मागणारे थोडे आहेत. रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण 120 दिवस जगतात, आणि तेवढ्या काळात त्यांना किती साखर चिकटली ते ही तपासणी सांगते. बोटावरची शुगर आजची. ती दोन दिवस भात-गोड सोडून खाली आणता येते, आणि दवाखान्याच्या वाराआधी पुष्कळ जण आणतातही. तीन महिन्यांची तशी आणता येत नाही. ती बहुतेकांची 7 टक्क्यांच्या आत असावी, वर्षातून निदान दोनदा तरी बघावी, साखर आटोक्यात नसेल तर दर तीन महिन्यांनी, असं डॉक्टरांची पुस्तकं सांगतात. खिडकीतला मुलगा सांगतो, नमुना जिल्ह्याला जातो, रिपोर्ट आठवड्यानं. म्हणजे आणखी एक फेरी, आणखी एका दिवसाची मजुरी. समोरचे गृहस्थ मान डोलावतात आणि चिठ्ठी खिशात घडी करून ठेवतात. त्या खिशात तशाच घडीची एक जुनी चिठ्ठी आहे.

लघवीच्या डब्या खिडकीच्या कोपऱ्यात रचलेल्या आहेत. त्या मुख्यत्वे गरोदर बायांना दिल्या जातात. मूत्रपिंड बिघडायला लागतं तेव्हा लघवीतून अल्ब्युमिन नावाचं प्रथिन अगदी थोडं थोडं झिरपू लागतं. साध्या पट्टीवर ते दिसतही नाही. त्याची वेगळी तपासणी वर्षातून एकदा व्हायला हवी. रक्तातलं क्रिएटिनिन वाढेपर्यंत थांबलं तर तोवर मूत्रपिंडाची निम्मी ताकद गेलेली असू शकते. इंग्लंडमध्ये कुणाच्या किती तपासण्या झाल्या हे दरवर्षी देशभर मोजलं जातं, आणि तिथं सगळ्यांत जास्त राहून जाते ती ही लघवीचीच. इथं रांगेतल्या एका आजींना मी विचारतो. त्या म्हणतात, "लघवीला काय झालंय? चांगली होते की."

डोळ्यांची खोली पलीकडच्या इमारतीत. तिथं मोतीबिंदूवाल्यांची गर्दी. आत पडदा तपासायचा तर थेंब टाकून बाहुली मोठी करावी लागते. मग चार-पाच तास समोरचं धूसर दिसतं, उन्हात डोळे उघडवत नाहीत. मोटारसायकलवर एकटाच आलेला तरुण थेंबांचं ऐकून मागं फिरतो. चाळिशीही उलटलेली नाही त्याची. "मला चांगलं दिसतंय," तो म्हणतो. खरंच दिसत असणार. पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या फुटू लागतात तेव्हा दुखत नाही आणि सुरुवातीला अंधुकही होत नाही. म्हणून तर मधुमेह कळला की लगेच, आणि मग दर वर्षी, बघायचं असतं. आज त्याच्याबरोबर कुणी नाही. तो किक मारतो आणि जातो.

परत व्हरांड्यात येतो. बारा वाजत आले आहेत. फरशीवर वहाणांचा, चपलांचा आवाज. इथं इतके पाय आहेत, आणि सकाळपासून एकाही टेबलावर कुणाला वहाण काढायला सांगितलेलं मी पाहिलं नाही.

शेवटच्या बाकड्यापाशी एक समुपदेशक ताई आहेत. गर्दी थोडी ओसरली की त्या एकेकाला बोलावतात. आता समोर पन्नाशीच्या एक मावशी बसल्या आहेत. "वहाणा काढा."

"पाय घाण आहेत, ताई."

"असू द्या."

ताईंच्या हातात पेनएवढी दांडी आहे, तिच्या टोकाला नायलॉनचा तंतू, मासे धरायच्या गळाच्या दोऱ्यासारखा. तो 10 ग्रॅम दाबाला वाकतो, त्याहून जास्त जोर लागतच नाही. "डोळे मिटा. लागलं की हो म्हणा." तंतू पावलाच्या मधोमध टेकतो, वाकतो. "हो." करंगळीखाली. "हो." अंगठ्याखाली तंतू टेकतो, वाकतो, ताई थांबतात. मावशी डोळे मिटून वाट बघत आहेत. "लावा ना," त्या म्हणतात.

ताई काही बोलत नाहीत. पुन्हा टेकवतात. दुसऱ्या पायाला. मग बोटं एकेक करून फाकवतात आणि वाकून बघतात. तिसऱ्या-चौथ्या बोटाच्या मध्ये कातडी पांढरी पडून फाटली आहे. त्याखाली तळव्यात एक काळा ठिपका. चिमट्यानं उचकटल्यावर बाभळीचा काटा बाहेर येतो, नखाच्या लांबीचा. भोवती पू. मावशी काट्याकडे बघतात, मग पायाकडे. "कधी गेला हो हा?" पऱ्हाटीच्या रानात त्या अनवाणी फिरतात. कधी गेला ते त्यांना माहीत असण्याचं कारणच नाही.

मधुमेहात पाय कापावा लागतो तेव्हा 100 पैकी साधारण 85 वेळा सुरुवात अशाच एखाद्या जखमेपासून झालेली असते. आणि या तपासणीला वीज लागत नाही, उपाशी राहावं लागत नाही, रिपोर्टची वाट बघावी लागत नाही. एवढा दोरा आणि थोडा वेळ. तरीही अशा व्हरांड्यांतून फिरताना सगळ्यांत जास्त राहून गेलेली मला दिसते ती हीच, आणि ते मला मुकाट्यानं बघवत नाही. केस पेपरवर वजनाला जागा आहे, बीपीला आहे, शुगरला आहे. पायाला नाही. ताई समासात आडवं लिहितात: "दोन्ही अंगठे बधिर. ड्रेसिंग. पंधरा दिवसांनी बघणे."

"आषाढीला जायचंय मला," मावशी म्हणतात.

"जा. पण जखम भरल्यावर. अनवाणी नाही, पट्ट्याच्या वहाणा घालून. आणि रोज रात्री सुनेला तळवे बघायला सांगा."

ड्रेसिंग करून मावशी औषधाच्या रांगेत लागतात. इथली रांग सगळ्यांत लांब आणि सगळ्यांत गप्प. महिन्याच्या गोळ्या मिळाल्या की सुटका. त्यांच्या पुढच्या बाई सारख्या मोबाईलमध्ये वेळ बघत आहेत.

"तुमचे पाय बघितले का?" मावशी विचारतात.

"पाय कशाला? शुगर बघितली. एकशे साठ."

"माझी एकशे चाळीस निघाली अन् पायात काटा निघाला. तिकडं त्या ताई बसल्यात. वहाणा काढून बसा जा."

"दीडची गाडी आहे माझी."

"तीनला दुसरी आहे की. तिलाबी अर्धंच तिकीट." मावशी हात पुढं करतात. "आणा ती पिशवी. तुमचा नंबर मी धरते."