जर्मनची होडी



आपल्याकडे खेड्यापाड्यांत अ‍ॅल्युमिनियमला अ‍ॅल्युमिनियम म्हणणारी माणसे अजून थोडीच. भाताचा टोप असो की शाळेतल्या खिचडीचे पातेले असो, ते आपले ‘जर्मनचे भांडे’. या जर्मनची मासेमारीची होडी करता येते का, आणि करायची झाली तर ती कशी करून घ्यावी, हा आजच्या बोलण्याचा विषय आहे. विषय धातूचा खरा, पण सुरुवात मी एका गळक्या लाकडी होडीपासून करतो.

आमच्या खाडीकाठच्या वाडीत एक तांडेलकाका आहेत. त्यांच्या जुन्या होडीच्या बुडाची एक फळी कुजली. हंगाम तोंडावर आला होता, नवी फळी बसवायला सुतार मिळेना. कोणीतरी सांगितले, “जर्मनचा पत्रा मारा, तो काही गंजत नाही.” काकांनी पत्रा आणला, घरात पडलेल्या तांब्याच्या चुकांनी तो फळीवर ठोकला आणि ते निर्धास्त झाले. पाच-सहा महिन्यांनी एका पहाटे त्यांचे दोघे मुलगे खाडीच्या तोंडाशी जाळे ओढत असताना पायाखाली पाणी आले. एकाने डब्याने पाणी उपसायचे, दुसऱ्याने वल्ही मारायची, असे करीत ते कसेबसे काठाला लागले. होडी उलटी करून पाहिली, तर प्रत्येक चुकेभोवती पत्रा खाल्ला गेलेला; चुका मात्र जशाच्या तशा.

काका मला म्हणाले, “मास्तर, जर्मन गंजत नाही म्हणतात ना? मग हे काय झालं?”

मी पडलो भूगोल शिकवणारा. त्या दिवशी मला धड उत्तर देता आले नाही. पुढे रसायनशास्त्राच्या सहकाऱ्यांना विचारले, पुस्तके चाळली, तेव्हा उलगडा झाला. पत्रा दोषी नव्हता. एक प्रश्न विचारायचा राहून गेला होता : हा धातू कोणाच्या शेजारी बसणार? होडीला ठिगळ लावायचे असो, नाही तर अख्खी नौका बांधून घ्यायची असो, असे प्रश्न आधी विचारावे लागतात. नंतर विचारले तर त्यांचे उत्तर समुद्र देतो, आणि ते फार महागात पडते.

आता अशी अख्खी नौका मालकाच्या मागणीप्रमाणे बांधून घेण्याची रीत जिथे चांगली रुळली आहे, अशा एका किनाऱ्याकडे जाऊ. शिक्षक मंडळींनी भिंतीवरचा जगाचा नकाशा पाहावा. उत्तर अमेरिकेच्या अगदी वायव्य टोकाला अलास्का आहे, आणि त्याच्या नैऋत्येला बेरिंग समुद्रातून आत शिरलेला ब्रिस्टल उपसागर. सामन नावाच्या माशाची सॉकाय ही जात समुद्रात वाढते आणि अंडी घालायला नद्यांत परतते. या उपसागराला मिळणाऱ्या नद्यांत ती जितक्या संख्येने येते, तितकी जगात दुसरीकडे कुठेही येत नाही. हा सगळा खेळ मुख्यतः जून-जुलैमधल्या थोड्या आठवड्यांचा. तेवढ्यात जो कमावेल, त्याचे वर्ष निघाले.

तिथे एक गमतीचा कायदा होता. १९५१ पर्यंत या उपसागरात यंत्राच्या नौकेने मासे पकडायला बंदी होती. दोन-दोन माणसे लाकडी शिडाच्या होड्यांतून, थंडीवाऱ्यात जाळी हातांनी ओढीत. १९५१ साली यंत्राला परवानगी मिळाली, पण जाळे सोडून मासे पकडणाऱ्या नौकेची लांबी ३२ फुटांहून अधिक असता कामा नये, हा नियम आजही आहे. मग माणसाने काय केले? लांबी वाढवता येत नाही ना, मग रुंदी वाढवली! आज तिथे पंधरा-सोळा फूट रुंदीच्या, ठोकळ्यासारख्या नौका दिसतात. पाणी उथळ, आणि भरती-ओहोटीतले अंतर काही ठिकाणी वीस फुटांच्या वर. नौका चिखलात टेकते, पुन्हा तरंगते. म्हणून तळ सपाट आणि दणकट हवा, वजन हलके हवे. या साऱ्या गरजांना अ‍ॅल्युमिनियम चांगले जुळले, आणि फायबरच्या नौकांच्या जोडीला तिथे या धातूच्या नौका मोठ्या संख्येने आल्या. किनारा, मासा, कायदा आणि पाण्याची खोली या चौघांनी मिळून त्या नौकेचा आकार ठरवला. कारागीर आला तो नंतर.

मग असा मालक नौका सांगायला जातो तेव्हा काय होते? पत्रा कापण्याआधी काम कागदावर होते. मासा कोणता, जाळे कोणते, माणसे किती, बर्फ किती न्यायचा की मासळीची टाकी यंत्राने गार ठेवायची, इंजिन केवढे, नौका रात्री कुठे उभी राहणार, ही सगळी यादी लिहिली जाते. त्यावरून नौकेचा आराखडा करणारा जाणकार प्रत्येक वस्तूचे वजन आणि तिची जागा मांडतो. हे गणित आर्किमिडीजचेच आहे, आणि शाळेत सहज करून दाखवण्यासारखे आहे. वर सांगितलेल्या नौकेचे पाण्याच्या पातळीवरचे क्षेत्रफळ सुमारे ४०० चौरस फूट धरा. ती एक इंच खाली बसली की सुमारे ३३ घनफूट पाणी बाजूला सारते. समुद्राचे पाणी घनफुटाला ६४ पौंड. म्हणजे २१०० पौंडांच्या वर, जवळजवळ एक टन. तात्पर्य, एक टन मासळी चढवली की नौका इंचभर खाली जाते. आठ टन चढवली की आठ इंच. काठ पाण्यापासून किती उंच ठेवायचा, हे असे आधी ठरते.

पण नुसते तरंगणे पुरत नाही, कलंडता कामा नये. वजन जितके वर, तितकी नौका डळमळीत. जाळे ओढायचे यंत्र वर, केबिनच्या छपरावर सामान वर, असे करीत गेले तर शांत पाण्यात काही जाणवत नाही, एखाद्या मोठ्या लाटेला मात्र जाणवते. दुसरा धोका अर्धवट भरलेल्या टाकीचा. पसरट परातीत पाणी घेऊन चालून पाहा. परात जरा कलली की सगळे पाणी त्याच बाजूला धावते आणि तिला आणखी कलवते. टाकीतले पाणी आणि मासळी अशीच धावते. म्हणून टाकीत मध्ये पडद्या घालून तिचे कप्पे करतात. पडदीचा खर्च वाचवला, तर तो कोणाच्या तरी जिवावर वाचवलेला असतो.

आता धातूकडे वळू. हा धातू पूर्वी फार महाग होता. १८८६ साली अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू या दोन तरुणांनी, एकमेकांना न कळता, तो विजेच्या साह्याने स्वस्तात काढण्याची एकच युक्ती शोधली, आणि मग तो स्वयंपाकघरापर्यंत आला. पोलादाच्या मानाने त्याचे वजन सुमारे एकतृतीयांश. मात्र तो तितका ताठ नाही, म्हणून पत्रा पोलादापेक्षा जाड घ्यावा लागतो. तरी एकूण नौका पुष्कळच हलकी होते. पण टोपाचा पत्रा नौकेला चालत नाही. नौकेसाठी मॅग्नेशियम मिसळलेले मिश्रधातू लागतात. ५०८३ आणि ५०८६ हे त्यांतले प्रसिद्ध क्रमांक. कारखान्याचा दाखला पाहून हाच पत्रा आला आहे याची खात्री करायची असते, कारण डोळ्यांना सगळे पत्रे सारखेच चकचकीत.

हे पत्रे जोडणे हीच खरी कसोटी. अ‍ॅल्युमिनियम वितळते ६६० अंशांना. पण हवा लागताच त्याच्यावर एक अगदी पातळ थर धरतो, तो वितळायला दोन हजारांवर अंश लागतात. म्हणून जोड घासून, पुसून स्वच्छ करावा लागतो, आणि आर्गॉन वायूच्या आवरणात वेल्डिंग करावे लागते. वारा आला की वायू उडतो आणि जोड आतून सच्छिद्र होतो. उघड्या किनाऱ्यावर, भर वाऱ्यात, हे काम होत नाही. शिवाय एकाच बाजूने सलग जोडत गेले तर पत्रा पापडासारखा वाकतो. जाणता कारागीर थोडे उजवीकडे, थोडे डावीकडे, असे मधून टोकांकडे जातो. पोलादाच्या वेल्डिंगमध्ये मुरलेला माणूस या धातूत नवशिका असू शकतो, हे मालकाने ध्यानात ठेवावे.

आणि आता काकांचा प्रश्न. ज्या पातळ थराचे नाव मी घेतले, तोच अ‍ॅल्युमिनियमचे कवच. ओरखडा पडला की नवा थर आपोआप धरतो. म्हणून, एकटे असले तर, ते समुद्रातही चांगले टिकते. पण खाऱ्या पाण्यात त्याला तांबे किंवा पितळ चिकटले, की दोघांची मिळून विजेची बॅटरी होते. तिच्यात झिजते अ‍ॅल्युमिनियम, तांबे सुरक्षित राहते. काकांच्या पत्र्याचे हेच झाले. आणि काकांनी वाईट वाटून घेऊ नये, मोठमोठ्यांचे असेच झाले आहे. १८९५ साली अमेरिकेत ‘डिफेंडर’ नावाची शर्यतीची नौका बांधली. वजन वाचावे म्हणून पाण्याखाली कांसे, वर अ‍ॅल्युमिनियम आणि आत पोलादाच्या बरगड्या. तिने त्या वर्षी अमेरिका चषक जिंकला. पण तिचे तिन्ही धातू खाऱ्या पाण्यात एकमेकांशी भांडत राहिले, आणि १९०१ साली ती मोडीत निघाली.

यावर उपाय आहेत. पितळी तोटी बसवायचीच झाली तर मध्ये न वाहणाऱ्या पदार्थाची चकती घालायची. पोलादी बोल्टलाही तसेच. तळाला शेवाळ आणि शिंपले धरू नयेत म्हणून लावायचे तांबेयुक्त रंग अ‍ॅल्युमिनियमला कधीही लावायचे नाहीत. विजेची तार नौकेच्या अंगातून परत फिरवायची नाही, दोन्ही तारा वेगळ्या आणि बंदिस्त ठेवायच्या. तळाला जस्ताचे तुकडे जोडायचे. ते आधी झिजतात आणि नौका वाचवतात, संपले की नवे लावायचे. ओली लाकडे, ओली गोणपाटे पत्र्याला चिकटून ठेवायची नाहीत, कारण तिथे हवा पोचत नाही आणि कवच पुन्हा धरत नाही.

शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात जरूर करावा. दोन पेल्यांत मिठाचे पाणी घ्यावे. जर्मनच्या पत्र्याच्या दोन पट्ट्या घासून स्वच्छ कराव्यात. एक तशीच बुडवावी. दुसरीला तांब्याची उघडी तार घट्ट गुंडाळून ती बुडवावी. पंधरा दिवस मुलांनी रोज पाहून वहीत नोंद करावी. तारेजवळ पांढरा थर आणि खड्डे दिसतील. दर्यावर जाणाऱ्यांच्या मुलांना हा धडा पाठ करावा लागणार नाही.

नौका तयार झाली तरी काम संपत नाही. जोडांवर झिरपणारा रंग लावून बारीक चिरा शोधतात, टाक्यांत थोडी हवा भरून बाहेरून साबणाचे पाणी लावतात. बुडबुडा आला तिथे गळती. शेवटी भरल्या वजनाने नौका पाण्यात चालवून पाहतात. पैसेही टप्प्याटप्प्याने देतात, आणि पत्र्याचा क्रमांक, जाडी, इंजिन, ताब्याची तारीख, मध्येच बदल सांगितला तर त्याचा दर, हे सारे आधी लिहून घेतात. तोंडी शब्द मोलाचा असतोच, पण कागदामुळे तो शाबूत राहतो आणि मैत्रीही शाबूत राहते.

काकांनी आता नवी होडी घ्यायचे मनात घेतले आहे. परवा विचारीत होते, “मास्तर, लाकडाची घेऊ, फायबरची घेऊ, का जर्मनची?” मी म्हटले, “काका, ते मी सांगणार नाही. अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा महाग, आणि तो नीट जोडणारा माणूस त्याहून दुर्मिळ. लहान होडीला कदाचित दुसरेच काही परवडेल. पण कारागिराकडे जाण्याआधी तुमचे प्रश्न वहीत लिहून काढा.”

काका थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “लिहायला पोरांना बसवतो. पाणी त्यांनीच उपसलंय.”

मला वाटते, ती होडी तिथूनच बांधायला लागली.