आधी पाऊस पाहू द्या

अमरावतीच्या परकोटातलं जुनं घर घ्यायचं मनात असेल तर ते मे महिन्यात पाहावं आणि ऑगस्टमध्ये पुन्हा पाहावं. मे महिन्यात ज्या भेगेत बोटाचं पेर जातं, त्याच भेगेत ऑगस्टमध्ये नखसुद्धा शिरत नाही. घर तेच, भिंत तीच. हललेली असते ती खालची जमीन. वऱ्हाडची काळी माती कापसाला मानवते, भिंतीला मानवत नाही. पाणी प्याली की ती फुगते, उन्हाने आकसते, आणि अंगावरचं सगळं बांधकाम दर वर्षी थोडं उचलते, थोडं खाली सोडते. म्हणून इथले जुने गवंडी मुरूम लागेपर्यंत पाया खोदत. जिथे मुरूम फार खोल गेला आणि मालकाचा हात आखडला, तिथे पाया काळ्या मातीतच थांबला. कोणत्या घराचा पाया कुठे थांबला हे कागदावर सापडत नाही. ते उन्हाळा आणि पावसाळा मिळून सांगतात.

आमचं घर बुधवाऱ्याकडच्या एका गल्लीतलं. परकोटाची भिंत निजामाच्या अमलात १८०७ मध्ये बांधायला घेतली, पेंढाऱ्यांपासून इथल्या सावकार-व्यापाऱ्यांचं रक्षण व्हावं म्हणून. सव्वादोन मैलांच्या त्या वेढ्यात पुढे कापसाचा पैसा आला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, आणि वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. अंबागेट, जवाहर गेट, भुसारी गेट या वेशींच्या आत जे सागवानी खांब, नक्षीच्या तुळया आणि कडीपाटाच्या माड्या अजून उभ्या आहेत, त्यांतल्या कित्येकांच्या मागे तो पैसा आहे. आमच्या घरावर कुठेही साल कोरलेलं नाही. काळ्या दगडाचं जोतं, खाली दोन हात जाडीच्या दगड-मातीच्या भिंती, वर विटांची माडी, मधे लहानसा चौक, मागच्या अंगाला देशी कवेलूंचं छप्पर, एवढ्यावरून जाणकारांनी जो अंदाज बांधायचा तो बांधावा.

घराआधी कागद. अमरावती-अकोल्याकडे शहरातल्या जागेची आखीव पत्रिका असते. तिच्यावर बहुतेक वेळा आजोबांचंच नाव निघतं आणि वारस तोवर पुण्यापासून परदेशापर्यंत पांगलेले असतात. वारस नोंदी, बहिणींची हक्कसोडपत्रं, तीस वर्षांचा शोध अहवाल, वर्तमानपत्रातली जाहीर नोटीस, जागा नझूलची असेल तर भाडेपट्ट्याची अट हे सगळं लावून मगच दुय्यम निबंधकाकडे जायचं. यात घाई करू नये, इतकंच सांगते. एक गोष्ट मात्र लोक तपासत नाहीत: शेजारची भिंत सामायिक आहे का. परकोटात दोन घरांमध्ये पुष्कळदा एकच भिंत असते. ती दोघांच्या तुळया पेलते. शेजाऱ्याने उद्या घर पाडायला काढलं तर आपली माडी कशावर उभी राहणार, हा प्रश्न खरेदीखतावर सही करण्याआधी विचारायचा.

ताबा मिळाला तेव्हा आमचे मिस्त्री चौकात उभे राहून बराच वेळ नुसते वर पाहत होते. मग म्हणाले, “ताई, आता भितीले हात नोका लावू. एक पाऊस पहू द्या तिले.” त्यांनी प्रत्येक मोठ्या भेगेवर काचेची पातळ पट्टी आडवी ठेवली, दोन्ही टोकं प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवली आणि शेजारी पेन्सिलीने तारीख लिहिली. “काच तुटली त भेग जित्ती हाय, टिकली त मेली.” मेलेली भेग भरायची, जित्या भेगेचं कारण शोधायचं. ते वर्ष आम्ही बहुतेक पाहण्यातच घालवलं. ओळखीचे लोक विचारत, काम कधी सुरू करणार? पण काम सुरू झालेलंच होतं. जुन्या घराच्या दुरुस्तीत या वर्षाइतकं स्वस्त आणि इतकं उपयोगी दुसरं काही नाही, असं माझं ठाम मत आहे.

पाऊस संपेपर्यंत काच एकाच ठिकाणी तुटली: वायव्येच्या कोपऱ्यात. बाकी सगळीकडे शाबूत. त्या कोपऱ्याबाहेर मोरीचं पाणी मुरत होतं आणि छपराची पन्हळही तिथेच गळत होती. म्हणजे तीन कोपऱ्यांखालची माती ऋतूप्रमाणे भिजत-सुकत होती आणि चौथ्याखालची बारा महिने ओली राहून फुगलेली होती. घर वाकडं होत होतं ते या फरकाने. एका ठेकेदाराने आधी तिथे सिमेंट काँक्रीटचे खांब सुचवले होते. करायचं निघालं ते एवढंच: मोरी दुसरीकडे वळवणं, पन्हळ बदलणं, आणि भिंतीपासून दूर उताराची फरशी घालणं. पुढच्या पावसाळ्यात नवी पट्टी टिकली, तेव्हा कोपरा उकलून दगड पुन्हा बसवले.

सिमेंटबद्दल मला बोललंच पाहिजे. आधीच्या मालकांनी ओल दिसू नये म्हणून मातीच्या भिंतींवर कमरेइतक्या उंचीपर्यंत सिमेंटचा गिलावा केला होता. चांगल्या हेतूने केला होता, गावोगाव सगळे तेच करतात. पण दगड-मातीच्या भिंतीत जमिनीतलं पाणी वर चढतंच. ते दोन्ही बाजूंनी हवेत उडून जातं म्हणून भिंत टिकते. सिमेंटने वाट बंद झाली की ते आणखी वर चढतं. “पानी भितीत शिरते, मंग निघन कुठून?” मिस्त्रींचा साधा सवाल. आम्ही गिलावा काढला तेव्हा आतली माती हाताने ओढता येईल इतकी मऊ झालेली होती, आणि तिच्यात रुतलेल्या कडीची टोकं उधईने पोखरली होती.

याचं सगळ्यात कडक रूप अकोल्याकडे पाहायला मिळतं. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलढाणा या जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरलेला आहे; विहिरीला पाणी लागतं ते खारट. माझ्या चुलतभावाचं घर त्या पट्ट्यातलं. तिथे भिंतीतून नुसतं पाणी चढत नाही, क्षारही चढतात. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, त्यांचे स्फटिक फुलतात आणि विटेचा पापुद्रा पापुद्रा सुटून पीठ खाली पडतं. त्याला लोणा म्हणतात. लोण्यावर रंग टिकत नाही, सिमेंट तर फोड येऊन ढलपीने गळतं. उपाय कष्टाचा आहे: गिलावा पूर्ण काढायचा, ओल्या मातीचा किंवा भिजवलेल्या कागदाच्या लगद्याचा जाड लेप द्यायचा, तो सुकून क्षार शोषून घेईपर्यंत थांबायचं, लेप उतरवून घराबाहेर लांब टाकायचा, आणि पुन्हा द्यायचा. वरचा चुन्याचा गिलावा बळी जाणार हे धरून चालायचं. काही वर्षांनी तो उतरवून नवा द्यायचा, वीट मात्र वाचते. आणि चुना कालवायला विहिरीचं पाणी चालत नाही. अकोल्यात काम असेल तर काटेपूर्णेचं नळाचं गोडं पाणी साठवून वापरावं लागतं, नाहीतर आपणच भिंतीत मीठ भरतो.

चुन्याला घाई चालत नाही. भट्टीतून येतो तो कळीचा चुना. आमच्याकडे तो यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीजवळच्या राजूरहून आणला. तिथे चुनाभट्ट्या आहेत. हौदात पाण्यात टाकला की तो उकळतो, फुटतो, वाफा येतात. जवळ मुलांना फिरकू द्यायचं नाही, डोळ्यांत थेंब गेला तर डोळा जायची भीती. विरलेला चुना गाळून पाण्याखाली ठेवायचा. जितका जुना तितका लोण्यासारखा मऊ होतो. मग वाळू, विटेची सुरखी, गुळाचं पाणी, बेलफळाचा गर, हिरड्याचा काढा. प्रत्येक मिस्त्रीचं प्रमाण वेगळं, आणि प्रत्येकाला आपलंच खरं वाटतं. आमच्या मिस्त्रींनी आधी मागच्या खोलीत हातभर जागेवर चार वेगवेगळे नमुने लावले आणि पंधरवड्याने नखाने खरवडून एक निवडला.

भट्टीत दगडातून उडालेला कार्बन डायऑक्साइड चुना हवेतून परत घेतो आणि पुन्हा दगड होतो. पण हे घडायला त्याच्यात ओल राहावी लागते. आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांकडे जातो; तेव्हा लावलेला गिलावा दगड होण्याआधीच कोरडा पडून पिठूळ होतो. पावसाळ्यात तो वाळतच नाही. उरतात दिवाळीपासून संक्रांतीपर्यंतचे दिवस, फार तर शिवरात्रीपर्यंतचे. तेवढ्यात थर द्यायचे, थापीने ठोकायचे, ओल्या गोणपाटाने झाकायचे. वर्षाला एवढेच दिवस हाती असल्यामुळे एका हंगामात दोन खोल्या झाल्या तरी पुष्कळ.

लाकडाचं काम त्यामानाने सोपं. जुना मेळघाटचा साग मधे तासून पाहिला तर अजून तेल सुटल्यासारखा दिसतो. बिघडतं ते भिंतीत रुतलेलं टोक. पूर्ण तुळई काढून लोखंडी गर्डर घालण्याचा सल्ला सर्रास मिळतो. आमच्या सुतारांनी कुजलेलं टोक तेवढं तिरपं कापलं, परतवाड्याहून आणलेल्या सागाचा तुकडा जोडला, कुसू आणि लाकडी खुंट्यांनी आवळला आणि भिंतीत शिरणाऱ्या टोकाभोवती हवा खेळायला बोटभर फट ठेवली.

सगळी जुनी घरं वाचवावीत असं मी म्हणत नाही. ३० ऑक्टोबर २०२२ रोजी अमरावतीच्या प्रभात चौकात जुनी इमारत कोसळून पाच माणसं गेली. महापालिका शिकस्त इमारतींना महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली नोटिसा देते. सी-१ म्हणजे तात्काळ रिकामी करून पाडायची, सी-२ए म्हणजे रिकामी करून दुरुस्त करायची, सी-२बी म्हणजे राहतं ठेवून दुरुस्त करायची, सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. सी-१ आली तर भावना बाजूला ठेवून माणसं बाहेर काढावीत. पण तपासणारा अभियंता माती, चुना आणि लाकूड ओळखणारा असावा, हा आग्रह धरावा. काँक्रीटवर आपटायचा हातोडा मातीच्या भिंतीविषयी काही सांगत नाही. तिथे तुळयांची टोकं उघडून पाहावी लागतात, भिंत ओळंब्यातून किती सरली ते मोजावं लागतं, पायाशी खड्डा घ्यावा लागतो. हे न करता दिलेल्या शेऱ्याने चांगली घरंही पडतात आणि धोक्याची उभी राहतात.

आता अडलं आहे ते छपरावर. देशी कवेलू दर उन्हाळ्यात फेरावे लागतात, आणि वानरांची टोळी एका दुपारी वर्षभराची मेहनत फोडून जाते. ते घडवणारे कुंभार आसपास उरलेले नाहीत, म्हणून गल्लीत कुठे जुनं घर पडलं की आम्ही तिथले कवेलू विकत घेतो. पण प्रत्येक कुंभाराचा साचा वेगळा असायचा. एका घराचे कवेलू दुसऱ्या घराच्या ओळीत बसत नाहीत, फट राहते. परसात माप लावून वेगवेगळ्या थप्प्या केल्या आहेत. पुढच्या पाख्यापुरते एका मापाचे जमले. मागच्या पाख्याला कमी पडतात, आणि मृग तोंडावर आला आहे. तिथे यंदा पत्रेच टाकणार आहोत, खिळे न ठोकता, दोरीने बांधून आणि वर दगड ठेवून, म्हणजे कवेलू मिळाले की काढता येतील.